नाकारायचे तर कारण लिहा

कळंबा कारागृहात मोबाईल सापडल्याची बातमी आली की कोल्हापुरात दोन दिवस एकच वाद रंगतो. एक बाजू म्हणते, भेटीगाठी बंद करा, तो तुरुंग आहे की सासुरवाडी? दुसरी बाजू मानवी हक्कांचा जप करते आणि पहिल्या बाजूला अडाणी ठरवून मोकळी होते. तिसऱ्या दिवशी पेपरात दुसरे काही तरी येते आणि विषय मिटतो. या वादात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न तपासता गृहीत धरलेली असते: मुलाखत, म्हणजे नातेवाइकांची भेट, ही कैद्याला दिलेली सवलत. एकाला ती काढून घ्यायची असते, दुसऱ्याला वाढवून द्यायची असते. पण भेटीचा अर्ज भरतो कोण? बहुतेक वेळा आई, बायको, बहीण, म्हातारा बाप. त्यांच्यावर कुठला गुन्हा दाखल नाही, कुठल्या न्यायालयाने त्यांना काही सुनावलेले नाही. तरी खिडकीसमोर उभे राहिल्यावर त्यांच्याशी जे बोलणे होते ते अर्धे आरोपी असल्यासारखे होते, आणि वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना ते खटकत नाही.

माझे म्हणणे आधीच सांगतो. तुरुंगातल्या माणसाला भेटण्यासाठी अर्ज करावा लागणे यात गैर काही नाही. कोण येतो, का येतो, याची नोंद असलीच पाहिजे. गैर आहे ती मंजुरीची रीत. आज भेट ही अधिकाऱ्याच्या मर्जीने मिळणारी वस्तू आहे आणि नकार बहुधा तोंडी असतो: ‘आज होणार नाही, पुढच्या आठवड्यात या.’ हे उलटे हवे. अर्ज नियमात बसला की भेट ठरलीच, आणि नाकारायची असेल तर अधिकाऱ्याने कारण लिहावे, नकार किती दिवसांसाठी आहे ते लिहावे, सही करावी आणि तो कागद अर्जदाराच्या हातात द्यावा. एवढीच मागणी आहे. ती किरकोळ वाटते, पण या विषयातल्या निम्म्याहून अधिक दुखण्यांचे मूळ त्या न लिहिलेल्या नकारात आहे.

कायद्याचे म्हणाल तर तो या बाबतीत लोक समजतात तितका कठोर कधीच नव्हता. आपल्या तुरुंगांची घडण ज्याने केली तो १८९४ चा कारागृह कायदा इंग्रजांचा. त्याचे कलम ४० सांगते की खटला चालू असलेल्या कैद्याला ज्यांच्याशी बोलायचे आहे अशांना योग्य वेळी, योग्य बंधने घालून आत येण्याची सोय केली पाहिजे. ‘करता येईल’ असे तिथे नाही. स्वतंत्र भारतात सर्वोच्च न्यायालय त्याच्याही पुढे गेले. १९८१ मध्ये फ्रान्सिस कोराली मुलिन या ब्रिटिश स्थानबद्ध स्त्रीचा खटला आला. तस्करीविरोधी कायद्याखाली तिला तिहारमध्ये ठेवले होते आणि पाच वर्षांच्या मुलीला व बहिणीला महिन्यातून एकदाच भेटू दिले जाई. न्यायमूर्ती भगवती यांनी ते बंधन रद्द केले, आठवड्यातून दोन भेटी द्यायला सांगितल्या, आणि कुटुंबीयांना भेटणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. आणखी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०२२ अखेरीस देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते. म्हणजे कळंब्याच्या किंवा बिंदू चौकातल्या सबजेलच्या दारात जे उभे असतात त्यांतले बहुतेक जण अशा माणसाला भेटायला आलेले असतात ज्याचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे. त्याला जामीन मिळाला नाही, किंवा मिळाला पण जामीनदार उभा करता आला नाही, एवढेच त्याच्याबद्दल खात्रीने म्हणता येते.

आता विरोधी बाजूचे ऐकू, कारण तिच्याकडे सांगण्यासारखे बरेच आहे. पहिली भीती सुरक्षेची, आणि ती खोटी नाही. टोळीचा म्होरक्या आत बसून बाहेरची सूत्रे हलवतो, साक्षीदारांना निरोप जातात, खंडणीचे आकडे ठरतात. कळंब्यात मुंबई-पुण्याच्या टोळ्यांतले कैदीही ठेवले जातात, त्यामुळे हा प्रश्न कोल्हापूरपुरताही राहत नाही. म्हणून झडती घ्या, मध्ये काच ठेवा, इंटरकॉमवरचे बोलणे ऐका, ठरावीक माणसाला ठरावीक कैद्यापासून लांब ठेवा. यातल्या कशालाही माझी हरकत नाही. पण मग मोबाईल आत जातात कसे, हे एकदा नीट विचारूया. मोबाईल आणि गांजाची पुडकी भिंतीवरून आत फेकल्याच्या बातम्या कोल्हापूरकरांनी वाचल्या आहेत. आत मोबाईल सापडल्यावर कर्मचाऱ्यांवर कारवाई झाल्याच्याही वाचल्या आहेत. अख्ख्या तुरुंगात मुलाखतीची खोली ही सर्वांत जास्त नजरेखालची जागा असते. तिथे येणारा आपले नाव, पत्ता, आधार कार्ड आणि मोबाईल नंबर स्वतःहून देतो, अंगाची झडती देतो आणि काचेपलीकडे बसतो. काचेतून फोन पलीकडे जात नाही. तरी प्रत्येक वेळी बडगा उगारला जातो तो त्या खोलीवर, कारण तिथला माणूस हाताशी सापडतो. रात्री भिंतीपलीकडून पुडके फेकणारा अर्ज भरत नाही.

उलट, मर्जीवर चालणारी परवानगी स्वतःच एक धोका तयार करते. सुनील बत्रा खटल्याचा दुसरा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो, पण तो खटला उभा कसा राहिला हे फारसे सांगितले जात नाही. तिहारमधून बत्रा या कैद्याने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना पत्र लिहिले की एका वॉर्डरने दुसऱ्या कैद्याचा अमानुष छळ केला आहे. छळ कशासाठी? त्या कैद्याला भेटायला येणाऱ्या नातेवाइकांकडून पैसे उकळण्यासाठी. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांच्या पीठाने त्या पत्रालाच याचिका मानले. जिथे ‘हो’ म्हणायला नियम लागत नाही आणि ‘नाही’ म्हणायला कारण लागत नाही, तिथे दोन्हींचा भाव ठरतो. चहापाण्याची ही व्यवस्था मोडायला भाषणे कामाची नाहीत, लेखी कारण कामाचे आहे. ‘आज नाही’ हे वाक्य कागदावर सहीनिशी लिहावे लागले तर ते विकणे अवघड होते.

दुसरी हरकत याहून जड आहे आणि तिला सहज उत्तर देणाऱ्यांचा मला संशय येतो. ज्या आईचा मुलगा मारला गेला तिने कुठे अर्ज करायचा? तिला कुठली खिडकी आहे? आरोपीची आई निदान काचेतून त्याचे तोंड पाहते; हिला फोटोला हार घालावा लागतो. या प्रश्नाला समाधान होईल असे उत्तर नाही, आणि ज्याला ते आहे असे वाटते त्याने तो प्रश्न ऐकलेलाच नाही. पण या दुःखातून निष्कर्ष काय काढायचा? शिक्षा न्यायालय देते आणि एका माणसाला देते. त्या माणसाच्या बायकोला, मुलाला, आईला शिक्षा देण्याचा अधिकार आपण कुणालाच दिलेला नाही. तरी ती त्यांना भोगावी लागतेच. टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना १९१२ मध्ये पुण्यात त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई वारल्या. सहा वर्षांची शिक्षा टिळकांना झाली होती. तिची चार वर्षे त्या माउलीने कुठलाही खटला न होता भोगली आणि भोगता भोगता गेली. ते परके सरकार होते म्हणून आपण हळहळतो. आपल्या सरकारने तेच केले तर चालते का?

घरातल्या एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्यांना संशयित धरणे ही या देशातली जुनी खोड आहे, आणि ती मोडायला सुरुवात करणाऱ्यांत कोल्हापूर होते हे आपण विसरतो. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यात मूल जन्मल्याबरोबर संशयित होत असे. गावोगाव ठरावीक जातींच्या माणसांना पाटलापुढे हजेरी द्यावी लागे. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात ही हजेरी बंद केली. ज्यांना सगळे चोर म्हणत त्या फासेपारध्यांना त्यांनी सोनतळीला वसवले आणि पहाऱ्याच्या कामावर ठेवले. तो कायदा देशात रद्द व्हायला १९५२ उजाडले. आज पारध्याच्या पालावरची बाई नवऱ्याला भेटायला येते तेव्हा तिच्याकडे धड आधार कार्ड नसते, असले तर त्यावर माहेरचे नाव असते, आणि आत कैद्याच्या नोंदीत बायकोचे नाव तिसरेच लिहिलेले असते. ती परत जाते. मृत मुलाच्या आईला याने काय मिळाले? तिला हवे आहे ते वेगळेच: आरोपीला जामीन मिळाला, अभिवचन रजा (पॅरोल) मिळाली, तर आधी मला कळवा, तारीख पडली तर सांगा, माझ्या साक्षीदाराला संरक्षण द्या. या मागण्या न्याय्य आहेत आणि आपण त्यांच्यासाठी किती कमी भांडतो ते पाहा. दुसऱ्या आईची भेट कापून त्या मागण्या पुऱ्या केल्याचा आव आणता येत नाही.

भेटीचा आणखी एक उपयोग आहे. तो कैद्याचाही नाही आणि नातेवाइकांचाही नाही, तुमचा-माझा आहे. बंद दाराआड काय चालते हे कळायला बाहेरच्या माणसाचे डोळे लागतात. याचा धडा कोल्हापूरइतका महागात कुणी घेतला नसेल. चौथे शिवाजी महाराज गादीवर असताना इंग्रजांनी त्यांना वेडे ठरवले आणि त्यांच्याभोवती पहारा बसवला. राजाला कोण भेटणार, त्याच्याजवळ कोण राहणार, हे गोरे अधिकारी आणि दिवाण ठरवू लागले. महाराज खरोखर आजारी होते की त्यांचा छळ चालला होता? संस्थानात दोन्ही बोलले जात होते, आणि खरे काय ते ठरवायला कुणालाच आत मोकळेपणी जाता येत नव्हते. नव्यानेच निघालेल्या केसरी आणि मराठा या पत्रांनी छळाची बाजू उचलून धरली. त्यांच्या हाती आलेली पत्रे न्यायालयात बनावट ठरली. दिवाण बर्वे यांच्या बदनामीबद्दल १८८२ मध्ये टिळक आणि आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांतले १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. इथपर्यंतची गोष्ट ऐकून कुणी म्हणेल, बघा, अफवा पसरवणाऱ्यांना धडा मिळाला. पण पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ रोजी, अहमदनगरच्या किल्ल्यात ग्रीन नावाच्या गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत महाराजांचा मृत्यू झाला. त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी १८८४ च्या मार्चमध्ये कागलच्या घाटग्यांचा मुलगा दत्तक घेतला, तेच पुढे शाहू महाराज. संपादकांची पत्रे खोटी निघाली आणि राजा पहाऱ्यात मेला, या दोन्ही गोष्टी एकाच कोंडीतून निघाल्या. घरच्या माणसांना आणि स्वतंत्र वैद्याला मोकळेपणी भेट मिळाली असती तर बनावट पत्रांवर कुणी विसंबले असते का? आणि छळ असता तर तो लपला असता का? दार बंद ठेवणाऱ्याला वाटते आपण अफवा रोखतो आहोत. प्रत्यक्षात तो तिला खतपाणी घालतो, आणि खरे बोलणाऱ्यालाही खोट्या कागदाचा आधार शोधायला लावतो.

दार उघडले की काय होते याचा दाखलाही महाराष्ट्रातलाच आहे. मे १९८२ मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी रीतसर परवानगी काढून मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात १५ स्त्री कैद्यांशी बोलून घेतले. त्यांपैकी पाच जणींनी सांगितले की पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाली. बारसे यांचे पत्र सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८३ मध्ये जो निकाल आला त्याने स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, स्त्री शिपायांचा पहारा, मारहाण झाली का हे दंडाधिकाऱ्याने आरोपीला विचारणे, अशा गोष्टी बंधनकारक केल्या. एका अर्जाला मिळालेल्या परवानगीतून हे घडले. पुढे त्यांची परवानगी काढून घेण्यात आली हेही त्याच इतिहासात आहे, आणि ते वाचून आश्चर्य वाटत नाही.

मग सगळ्यांचे आवडते उत्तर येते: व्हिडिओ कॉल. ई-मुलाकातची सोय आहे, घरबसल्या भेटा, गर्दी नको, झडती नको, मोबाईलची भीती नको. या सोयीचे मोल मी कमी लेखत नाही. चंदगडच्या टोकाच्या वाडीतून कळंब्याला येणाऱ्या बाईचा दिवस आणि मजुरी दोन्ही जातात. मुंबईतून इकडे हलवलेल्या कैद्याच्या घरच्यांना महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी कोल्हापुरात उतरावे लागते आणि काचेपलीकडे थोडी मिनिटे बोलून परत फिरावे लागते. त्यांना दर खेपेला या म्हणणे क्रूर आहे. पण सोय म्हणून आणलेली गोष्ट पर्याय म्हणून गळ्यात मारली जाऊ लागली की सावध व्हावे. ऑनलाइन नोंदणीला मोबाईल नंबर लागतो. अनेक घरांत एकच मोबाईल, तो नवऱ्याच्या नावावर, आणि नवऱ्याला उचलला तेव्हा तो फोनही मुद्देमालात जमा झालेला. ओटीपी येणार कुठे? पडद्यावर माणसाची पाठ दिसत नाही, तो लंगडतो का ते कळत नाही, कॅमेऱ्यामागे कोण उभे आहे हेही दिसत नाही. आणि लहान मुलाचे काय? कळंब्यासह राज्यातल्या तुरुंगांत ‘गळाभेट’ नावाचा कार्यक्रम झाला आहे, ज्यात कैद्यांना आपल्या मुलांना जवळ घेता येते. तो सुरू करणारे कारागृह खातेच होते. पडद्याने भागते असे खात्यालाच वाटत असते तर तो कार्यक्रम कशाला केला असता?

उरली मनुष्यबळाची अडचण. क्षमतेपेक्षा जास्त कैदी, अपुरे कर्मचारी, एका दिवसात किती भेटी उरकणार? हे खरे आहे, आणि न्यायालयांनीही ते मान्य केले आहे. दिल्लीत आठवड्यातून दोनच भेटींची मर्यादा आहे आणि त्या दोनांत वकिलाची भेटही मोजली जाते. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कैद्यांची संख्या पाहता ती मर्यादा मनमानी नाही असे म्हटले. वकिलाची भेट त्यात मोजणे मला पटत नाही, पण संख्येला मर्यादा असू शकते हे पटते. मर्यादा सगळ्यांना सारखी असते आणि आधी माहीत असते. माझा आक्षेप तिच्यावर नाही. दोन भेटींचा नियम असताना दुसऱ्या भेटीला ‘साहेब नाहीत’ ऐकावे लागते त्यावर आहे. एक ओळ कारण लिहायला किती मनुष्यबळ लागते?

भेटींनी माणूस सुधारतो का, असा खोचक प्रश्नही विचारला जातो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या कारागृह विभागाने २००३ ते २००७ या काळात सुटलेल्या १६,४२० कैद्यांचा अभ्यास केला, तेव्हा ज्यांना भेटायला कुणी आले होते त्यांचे पुन्हा गंभीर गुन्ह्यात दोषी ठरण्याचे प्रमाण १३ टक्क्यांनी कमी निघाले. यावर भाबडेपणाने उड्या मारू नयेत. ज्याचे घर शाबूत आहे त्यालाच लोक भेटायला येतात, हा फरक अशा अभ्यासातून पूर्ण वगळणे कठीण असते. पण सुटल्यावर तो माणूस जाणार कुठे, याचा विचार करायला आकडेवारी लागत नाही. कळंब्याच्या कैद्यांनी वळलेले लाडू अंबाबाईचा प्रसाद म्हणून भाविकांनी हातात घेतले, कपाळाला लावले. त्या हातांचे लाडू आपल्याला चालले. तेच हात चार-पाच वर्षांनी घराची कडी वाजवतील तेव्हा आत कुणी ओळखणारे असावे, ही अपेक्षा जास्त आहे का?

करायचे ते अवघड नाही. नावात फरक असेल तर सरपंच, पोलीस पाटील किंवा नगरसेवकाचे पत्र चालावे. कैदी तारखेला गेला असेल किंवा दुसऱ्या तुरुंगात हलवला असेल तर घरच्यांना निघण्याआधी कळावे; हलवण्याचा आदेश काढणाऱ्या कार्यालयाला एक फोन जड नसतो. नकाराची एक वही असावी आणि जिल्हा न्यायाधीश तुरुंगाच्या पाहणीला येतात तेव्हा ती त्यांच्यासमोर ठेवावी. ज्याला नाकारले त्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे तोच कागद घेऊन जाता यावे. यात अधिकाऱ्याचे हात बांधले जातात अशी तक्रार होईल. होऊ दे. पण त्याच वहीची दुसरी बाजूही लिहिली जावी: वेळेबाहेर, रांगेबाहेर, साहेबांच्या खोलीत चहा पीत कुणाची भेट झाली, आणि ती कुणाच्या फोनवरून झाली. ज्या अधिकाऱ्याला असा फोन येतो आणि नाही म्हणता येत नाही, त्यालाही ‘साहेब, तुमचे नाव वहीत लिहावे लागेल’ एवढे म्हणायची सोय होईल.